काकाचे गेम आणि रामजीचं येणं

गेल्या आठवड्यात बनारसला होतो... मुकुंदकाकाच्या दिवसांसाठी. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि कित्येक पिढ्यांपासून आम्ही तिथलेच.

मुकुंदकाका बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, पाठशाळेत संस्कृत शिकवलं, आणि संध्याकाळी घरी आला की चहा घेऊन व्हिडिओ गेम खेळायला बसायचा. हसू नका... साठीचा माणूस क्रिकेटच्या गेममध्ये सिक्सर मारून असा ओरडायचा की खाली गल्लीत पानवाला वर बघायचा.

बाराव्याला आमच्यात शय्यादान करतात. गेलेल्या माणसाची गादी, छत्री, चपला, तांब्या, त्याच्या आवडीची एखादी वस्तू... सगळं दान द्यायचं. बाबांनी जन्मभर घाटावर यात्रेकरूंकडून हे विधी करून घेतले. या वेळी ते स्वतः यजमानाच्या पाटावर बसणार होते.

आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अरे, त्याला सगळ्यात पसंत तर ते गेमच होते. ते कुणाला देता येतील का?"

पण काकाकडे देण्यासारखा एकही गेम उरला नव्हता, आणि तो उद्योग माझाच होता.

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूहून आलो तेव्हा काकाच्या खोलीत डिस्कांचे डबे रचलेले होते. दमट हवेने कव्हरं फुगलेली, आणि एक डबा तर माकडाने गच्चीवर नेऊन चावलेला. मी म्हटलं, "काका, आता डिस्क कोण घेतं? सगळं डाउनलोड होतं." आणि मोठ्या हौसेने त्याला बिनडिस्कचं नवं मशीन घेऊन दिलं. जुनं मशीन आणि सगळ्या डिस्का दुकानदाराला बदल्यात देऊन टाकल्या.

काकाने एवढंच विचारलं होतं, "पण मग गेम असतो कुठे?"

"तुझ्या अकाउंटमध्ये." तो "बरं" म्हणाला. काका वाद घालणारा नव्हताच.

बाबांनी विचारल्यावर मी कंपनीला मेल टाकला. उत्तर लगेच आलं... गेम वापरायची परवानगी फक्त खातेदाराला असते, त्याच्या पश्चात ती दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही. मी ते बाबांना सांगितलं.

"म्हणजे ते त्याचे नव्हतेच?" बाबा म्हणाले. रागावले नाहीत. उठून काकाची शाल काढायला कपाटाकडे गेले. मला अक्षरशः तोंड लपवावंसं वाटलं.

पण खरी गोष्ट मला तेराव्याला कळली.

जेवणं चालू होती. दारात एक माणूस पॉलिथिनची पिशवी घेऊन उभा होता, आत येत नव्हता. जरा वेळाने ओळख पटली... रामजी, शिंदे घाटावर नाव चालवणारा. मी कॉलेजात असताना तो दर आठवड्याला यायचा. एक डिस्क परत करायची, दुसरी न्यायची, जाण्याआधी बाहेरच्या खोलीत काकाबरोबर एक मॅच खेळायची. कधी काकाच त्याच्या घरी जाऊन डिस्क आणायचा. हा माणूस मी साफ विसरलो होतो.

त्याने पिशवीतून क्रिकेटची डिस्क काढली. "ई गुरुजी का है, भइया. दू साल से हमारे पास पड़ा था."

मी विचारलं, "आप आजकल आते नहीं थे?"

"का लेने आते? डिस्क तो गुरुजी के पास रहा नहीं. पंडितजी लोग का घर है, बिना काम कैसे चढ़ आते?"

"तो यही लौटाने आ जाते..."

तो खाली बघत म्हणाला, "लौटा देते तो बहाना ही खतम हो जाता, भइया."

ही डिस्क काकाच्या नव्या मशीनमध्ये चालणारही नव्हती, आणि काकानेही ती कधी परत मागितली नव्हती. दोघांनीही दोन वर्षं ती तशीच राहू दिली होती.

नंतर आई म्हणाली, "अलीकडे त्याचं ओरडणं बंद झालं होतं. आम्हाला वाटलं, वय झालं." वय नव्हतं ते. तो एकटा मशीनशी खेळत होता.

मी डिस्क रामजीलाच ठेवायला सांगितली. तो नको नको म्हणत होता... "अब अकेले का खेलें?" मग बाबा बाहेर आले आणि त्याला हाताला धरून पंगतीत घेऊन गेले. तो जेवला, डिस्क घेऊन गेला.

डिस्क बरी की डाउनलोड, यावर मी मित्रांशी तासन्‌तास भांडलोय. जागा वाचते, स्क्रॅच पडत नाही, घरबसल्या मिळतं... सगळं खरं आहे. पण डिस्क द्यायला-घ्यायला कुणीतरी घरी येतं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

परतायच्या दिवशी सकाळी रामजीच्या घरी गेलो. तो दारातच गोंधळला. "कुछ काम था का, भइया?"

"नहीं. ऐसे ही आया."

त्याने मला आत घेतलं, एक कंट्रोलर गमछ्याने पुसून हातात दिला. बटणं कुठली कशाची, तेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच चेंडूवर आउट झालो. रामजी म्हणाला, "गुरुजी ने आपको सिखाया नहीं?"

काकाने शिकवलं असतं हो... मी त्याला मशीन घेऊन दिलं, अकाउंट काढून दिलं, गेम पाठवत राहिलो. त्याच्या शेजारी मात्र एकदाही बसलो नाही.