पाठ म्हणजे नेमकं काय?

कुस्ती हरायला अंगात ताकद लागत नाही, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे.

तेव्हा मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. (म्हणजे घरात कुणालाही दोन वाक्यं सलग बोलू देत नव्हतो.) थोरला भाऊ दत्तू तालमीत होता. महाराजच कुस्तीचे शौकीन, त्यामुळं तेव्हा आमचं निम्मं कोल्हापूर तालमीत आणि निम्मं कुस्ती बघायला. दत्तू लागोपाठ दोन कुस्त्या हरला, तेव्हा त्याच्या तालमीचे बाबूभाई वस्ताद निक्षून म्हणाले, "तिसरी हारलास तर लंगोट खुटीला. गावाकडं नेसरीला जाऊन औत धर." दत्तूला कुस्तीशिवाय जगात दुसरं काही नको होतं. त्या दिवसापासून तो एकच भाकरी खायला लागला. आमच्या घरात हे फारच वाईट लक्षण.

तिसरी कुस्ती शिरोळच्या पैलवानाशी लागली. बघता बघता दत्तू खाली. पंचांनी शिरोळकराचा हात वर केला, वस्तादांनी मान फिरवली. दत्तूचा चेहरा मला बघवेना. मी कोट-टोपीसकट थेट आखाड्यात उतरलो.

"हा निकाल मला मान्य नाही."

पंच पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. "का वो पावणं?"

"पाठ लागली म्हणता. पाठ म्हणजे काय? आधी व्याख्या करा."

"पाठ म्हंजे पाठ की."

"खांद्यापासून धरायची की मानेपासून? अर्धी लागली तर माणूस अर्धा हरतो का? आणि हरतं कोण, पाठ की माणूस?"

सगळं मैदान गप्प झालं. मला वाटलं, विचारात पडलं. (पुढची कुस्ती कधी लागतेय ते बघत होते.) मला आणखी चेव आला. "हे ठरत नाही तोवर माझा भाऊ हरलेला नाही!" असं म्हणून मी ठासून मांडीवर थाप मारली.

वर्गात आम्ही टेबलावर मारायचो. आखाड्यात टेबल नव्हतं.

लोकांनी एकच आरोळी ठोकली. शिरोळकर सावकाश वळला.

"शड्डू ठोकलासा," पंच म्हणाले. "हितं मांडी वाजवली म्हंजे आव्हान. आता लढाय लागतंय."

"पण माझा तसा हेतू नव्हता. हेतूशिवाय केलेली कृती ही..."

"हेतू आत ऱ्हातुय. आमास्नी आवाज आला. कोट काढा."

कोटाची दुसरी बाही निघायच्या आत मी आभाळ बघत होतो. पंच वाकून म्हणाले, "आता तुमीच सांगा. लागली का पाठ?"

'हो' म्हणावं तर व्याख्या ठरली आणि दत्तू औताला जुंपला गेला. 'नाही' म्हणावं तर शिरोळकर दंड चोळत उभाच होता.

"नाही," मी म्हणालो.

पुन्हा आपटलं. "आता?"

"डावा खांदा वर होता."

तिसऱ्यांदा आपटलं. "आता तरी?"

"प्रश्नच चुकीचा विचारताय."

चौथ्यांदा त्यानं मला उचललं तेव्हा दत्तू धावत मधे आला. "सोडा त्याला. माझी पाठ लागलीती. मी हारलोय, मला म्हाईत हाय."

मला त्याचा भयंकर संताप आला. तीन वेळा आपटून घेऊन जपलेला मुद्दा त्यानं एका वाक्यात बुडवला!

बाबूभाई उठून आले. "दत्तू, उद्या फाटंचं तालमीत ये."

"पर मी हारलो की वस्ताद."

"हारल्यालं ज्याला कळतंय त्याला शिकवता येतंय," ते म्हणाले. मग मातीत पडलेल्या माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याला मातुर तालमीच्या दारात बी उभा करू नगंस."

दत्तू पुढं नावाजलेला पैलवान झाला. घरात सगळे त्याचं श्रेय त्याच्या खरेपणाला देतात, माझं नावही कुणी काढत नाही. काढू नका. त्या दिवशी माझी पाठ एकदाही टेकलेली नव्हती, हे माझं मत आजही कायम आहे. पुढचे आठ दिवस मी पालथा झोपत होतो, पण तो मुद्दा वेगळा.