कुकरची शिट्टी

माझ्या भाचीचा, मुक्ताचा, तिघांचा पंक बँड आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर मोबाइल ठेवून त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं आणि मला पाठवलं. गिटार करकरत होती, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजत होते, मुक्ताचा आवाज ओरडून ओरडून फाटला होता. मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

माझा जन्म भक्तिगीतं रेकॉर्ड करण्यात गेला. आम्ही गायिकेचा श्वाससुद्धा कापतो. हात सवयीने चालले. खरखर काढली, शिट्टी काढली, बेसूर जागा सुरात बसवल्या आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

"छान झालंय, मामा," मी पाठवलेलं ऐकून मुक्ता म्हणाली. मग हळूच, "आधीचं आहे ना? तुझ्याकडे आहे म्हणून मी फोनमधलं काढून टाकलं."

नव्हतं.

आधी ते गाणं बेल न वाजवता थेट घरात घुसायचं. आता चपला बाहेर काढून, परवानगी घेऊन आत येतं आणि खुर्चीच्या कडेवर बसतं. त्याला हाकलताही येत नाही.

काल मी घरी कुकर लावला आणि समोर माइक धरून उभा राहिलो. शिट्टी झाली. फार स्वच्छ आली.