मागाच्या ठेक्यावर गिटार

सुताला लावायच्या ओल्या खळीचा वास आला की मला एकाहत्तर-बाहत्तर सालची नगरमधली एक दुपार आठवते. आई हातमागावर साडीचा पदर विणत होती आणि आमच्या दारात पाठीवर गिटार अडकवलेला एक उंच गोरा माणूस थबकला होता. जवळच अरणगावला बाबांच्या समाधीला परदेशी पाहुणे यायचे, त्यांतलाच तो. मी कॉलेजात होते, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत काय हवंय ते विचारलं. तो सांगू लागला, की त्यानं आणि तिघा मित्रांनी बँड काढला होता, एकच ठेका ते तासभर वाजवायचे आणि लोक कंटाळून उठून जायचे. पुढं त्यांचं ऐकून कितीतरी पोरांनी तसलेच बँड काढले, पण तोवर यांचा ड्रमवाला अपघातात गेला होता. बँड मोडला. त्यानंतर यानं एकही तार छेडली नव्हती. "हा ठेका अगदी त्याचाच आहे," मागाकडं बघत तो म्हणाला. मी ते आईला सांगितलं. तिचा धोटा थांबला नाही. "त्याला म्हनावं, बस आन् वाजीव. पदर पुरा व्हईस्तवर मी काय थांबत न्हाई." तो उंबऱ्यावर बसला. बराच वेळ एकच तार हळू छेडत राहिला, मग त्याचा सूर मागाच्या खटखटीत शिरला आणि आमची पत्र्याची खोली घुमायला लागली. आईनं नजर न उचलता हाताचा वेग वाढवला, तसा त्याचा सूरही धावला. रोज डोळ्यांसमोर असणारी ही बाई केवढी मोठी आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. पदर पुरा झाल्यावर तो आईपुढं वाकला. परवा, त्यानं तेव्हा सांगितलेल्या बँडच्या नावावरून, नातवानं त्यांची जुनी रेकॉर्ड मोबाईलवर शोधून लावली. ड्रम सुरू झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, जरा दमानं."