उजव्या हाताची चार नखं

सांगूनच टाकते. माझा नवरा गेला, त्याच्या दहाव्या दिवशी मी माझ्या सुनेची नखं कापवली. उजव्या हाताची चार: अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं. करंगळीचं आणि अख्ख्या डाव्या हाताचं ती आपणहून कापलेलंच ठेवायची. ती चार नखं म्हणजे तिचं गिटार वाजवणं होतं, आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणाले असते तर सगळं दोन ओळींत संपलं असतं. तेव्हा मी साठीची होते आणि स्वतःला फार जाणती समजत होते. आता सत्तरीला टेकले. त्या साठीच्या पोरीची मला मजा वाटते. तिला अंगणात उभी करून चार प्रश्न विचारावेत अशी.

आमचं घर गडचिरोलीत, चामोर्शी रस्त्याला. नवऱ्याची सगळी नोकरी आलापल्लीला, वनखात्याच्या लाकूड डेपोत गेली. निवृत्त झाल्यावर त्यानं इथे घर बांधलं. मुलगा एटापल्लीला तहसील कार्यालयात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. सून नागपूरची. लग्नात तिच्याबरोबर कपाट आलं, मिक्सर आला आणि एक मोठी काळी पेटी आली. माझी नणंद कानात म्हणाली, "वयनी, हिनं शिलाई मशीन आनली वाट्टे." मी खूश. पेटी उघडली तर आत गिटार.

गिटार म्हणजे सिनेमातला हिरो कॉलेजच्या पायरीवर बसून वाजवतो ते, एवढंच मला ठाऊक. हिचं तसं नव्हतं. तारा नायलॉनच्या. गळ्यात पट्टा नाही. ती खुर्चीवर बसायची, डावा पाय बुटक्या स्टुलावर ठेवायची, वाद्य मांडीत घ्यायची, समोर कागद. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं ऐकायला बसलो. ती वाजवू लागली. मी आपली वाट पाहत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "बाई, सूर लावून झाले असन तर सुरू कर आता."

तिनं मान खाली घातली. "आई, संपलं ते."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुले लग्नातला बँड पायजे," तो म्हणाला. "तिले वाजवू दे."

"पन याच्यात गानं कुठी आहे? ना शब्द, ना ठेका. तबला कोन वाजवन?"

"तूच बस पातेलं घेऊन."

ते तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातलं संगीत होतं. बरोक म्हणतात त्या काळाला. सून सांगायची की यातलं बरंचसं गिटारसाठी लिहिलेलंच नाही. ल्यूट नावाचं एक जुनं वाद्य होतं, पाठीला अर्ध्या भोपळ्यासारखं फुगीर. काही त्याच्यासाठी, काही व्हायोलिनसाठी. पुढे लोकांनी ते गिटारच्या सहा तारांवर बसवून घेतलं. नवरा रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायचा. बोलायचा काही नाही. डेपोतल्या सवयीनं एकदा गिटारच्या पोटावर टिचकी मारली आणि "सागवान नाई हे" म्हणाला, तेवढंच.

मी मात्र नखांवर अडले. ती नखं घासायची, आधी बारीक कानसेनं, मग पॉलिश पेपरनं, प्रत्येक नखाला वेगळा उतार देऊन. भांडी घासताना रबरी मोजा घालायची, तोही एकच. मी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, "आमच्या सुनेची फॅशन एकाच हाताची आहे." आणखी काय काय बोलले ते लिहीत नाही, नातवंडं वाचतील.

तिची परीक्षा होती, परदेशातल्या एका संगीत मंडळाची, सगळ्यात वरची. परीक्षक वर्षातून एकदाच नागपूरला यायचे. चंद्रपूरच्या एका शाळेनं तिला सांगून ठेवलं होतं की प्रमाणपत्र आणा, संगीतशिक्षिकेची जागा तुमची. वर्षभर ती त्याच्यामागे होती. परीक्षेला महिना उरला असताना माझा नवरा सकाळी दाढीचं सामान घेऊन ओसरीवर बसला तो उठला नाही.

मी रडले नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, मग ओठ असतो पण आपला नसतो, पाणी प्यायला गेलं तर हनुवटीवरून ओघळतं आणि कळत नाही. तसं माझं सगळंच झालं होतं. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी चहात साखर दोनदा घालत होते आणि लोक तो चहा मुकाट्यानं पीत होते.

दहाव्या दिवशी आमच्याकडे सुतक फिटतं. पुरुष वैनगंगेवर जाऊन केस उतरवून येतात. बायकांचं अंगणातच. न्हाव्याच्या घरची बाई येते, एकेकीची नखं काढते, मग डोक्यावरून पाणी. तोवर कोणी नखाला हात लावायचा नसतो. माझी झाली, नणंदेची झाली, जावांची झाली. सून शेवटी. तिनं डावा हात पुढे केला. दहा दिवसांत वाढलं असेल तेवढंच, काढण्यासारखं काही नव्हतं. न्हावीणबाईनं बोटांना नखं काढायची नराणी नुसती टेकवली आणि नेम पाळला. उजवा हात पदराखाली.

"तो हात काऊन लपवून राह्यली वं?" नणंद म्हणाली.

"आत्या, परीक्षा आहे माझी."

"माहा भाऊ गेला अन् तुले परीक्षा सुचून राह्यली?"

न्हावीणबाई समजूतदार. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा बाई. नुसती टेकवली तरी चालते. त्या हाताले तसंच केलं ना मी."

म्हणजे वाट होती, आणि ती मला हातात आणून दिली होती. "टेकव" एवढं एक बोलायचं होतं. सून माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "काढून टाक."

काऊन म्हणाले? मला सुनेचा राग नव्हता. रीतीचंही मला इतकं कधी पडलेलं नव्हतं. उपासाच्या दिवशी लपून मुरमुरे खाणारी बाई मी. ऊन चढत होतं, पाणी तापवून ठेवलेलं निवत होतं, आणि मला ते उरकायचं होतं. बस. समोर कोणाचं काय जाऊन राहिलं आहे हे दिसत होतं, पोचत नव्हतं.

सूनबाईनं हात पुढे केला. नंतर स्वतःच जमिनीवरचे तुकडे वेचून कागदात बांधले आणि न्हावीणबाईला दिले.

दोन दिवस पेटी बंदच राहिली. मग तिनं टेबल टेनिसचा एक चेंडू आणला, त्याचे नखाएवढे तुकडे कापले आणि चटकन चिकटणाऱ्या गोंदानं बोटांना लावले. गिटारवाले अडीअडचणीला असं करतात म्हणे. संथ भागात ते टिकायचे. हात जोरात चालला की उडायचे. एक उडालेलं नख मला लाखोळीच्या डाळीत सापडलं. मी ते धुऊन, पुसून तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. केवढे उपकार केले बघा.

शेवटी तिनं तो नाद सोडला आणि नुसत्या बोटांनी वाजवायला बसली. पूर्वी ल्यूटवाले असेच वाजवायचे म्हणे, पण त्यांचा हात त्याच वळणावर घडलेला. हिला सगळं नव्यानं. नखाचा सूर टणक असतो, त्याला धार असते. बोटाच्या मांसाचा सूर गोल, जाड, थोडा ओलसर. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की तो बुडून जायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून धरायची.

वेग साधत नव्हता म्हणून ती फार हळू वाजवायची, एकेक आवाज सुटा करून. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत असायचे. आणि ती हळू वाजवत होती म्हणूनच मला पहिल्यांदा कळलं की त्या खोलीत एकजण नाही, तिघं आहेत.

फ्यूग म्हणतात त्या प्रकाराला. एक छोटं वाक्य असतं. वरची तार ते बोलते. तिचं संपत येतं तोच मधली तार तेच वाक्य उचलते. वरची मात्र गप्प बसत नाही, तिचं आता दुसरंच काही सुरू असतं. मग खाली जाड तारेवर अंगठा, तेच वाक्य, घरातल्या थोरल्या माणसासारखं सावकाश. तिघं एकदम बोलतात आणि कुणाचं बोलणं कुणाखाली दबत नाही. आमच्या घरात तिघं एकदम बोलले की एकाचंही ऐकू यायचं नाही. माझ्या माहेरी, मूल गावाकडे, धानाच्या रोवण्याला बायका दोन रांगांत गायच्या. एका रांगेचा शेवटचा शब्द चिखलात पडायच्या आत दुसरी रांग उचलायची. पण त्या वीस-पंचवीस जणी असायच्या. इथे एकच बाई, आणि तिची चार बोटं.

आधीची वर्षं मी हे "सूर लावणं" समजत होते. शाबास.

दुसरा एक संथ नाच होता, साराबांद नावाचा. नाच म्हणायचं, पण पाय उचलायला माणूस विसरेल इतका संथ. त्याचा प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. पहिल्यांदा जसा आहे तसा. दुसऱ्यांदा वाजवणाऱ्यानं आपल्या मनानं त्याला सजवायचं, इथे एक मुरकी, तिथे एक थरथर. बऱ्याचदा त्या कागदावर लिहिलेल्या नसतात. कुठे किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यातच माणूस कळतो. एका दुपारी मी दारात उभी राहून म्हणाले, "तेच आहे, फक्त नथ घालून आलं."

सून थांबली. दहाव्या दिवसानंतर आमच्यात जेवणखाण सोडून बोलणं नव्हतं. तिनं विचारलं, "नथ जास्त झाली का?"

"पहिली बरी दिसते. ते शेवटाकडची काढ. तिथी तो सूर एकटाच उभा आहे. राहू दे त्याले एकटा."

हे मी कुठून बोलले कोण जाणे. तिनं पुन्हा वाजवलं, ती मुरकी काढून. सूर एकटाच राहिला आणि हळूहळू विझला. इथे मला रडू फुटलं असं लिहिलं तर किती बरं दिसेल. नाही फुटलं. डाळ अर्धी राहिली होती, ती निवडली.

नागपूरला तिच्याबरोबर मीच गेले; मुलाच्या रजा संपल्या होत्या. बसमध्ये पेटी आमच्या दोघींच्या मध्ये उभी. कंडक्टर म्हणाला, "आजी, या तिसऱ्या सवारीचं तिकीट?" मी म्हणाले, "बारा वर्षांखालची आहे, अर्धं काप." सून खिडकीबाहेर पाहत होती. हसली की नाही ते दिसलं नाही.

परीक्षा एका शाळेच्या वरच्या मजल्यावर. मी बाहेर बाकावर. दार बंद, पण पातळ. साराबांद चांगला गेला. नथ जिथे हवी तिथेच होती. मग फ्यूग सुरू झालं. वरची तार आली. मग मधलीची पाळी आली आणि ती मला ऐकूच येईना. बोट लागत होतं, पण जोर नव्हता, आणि वेग वाढवावा तसा तो आवाज आणखी आत जात होता. मला एव्हाना सगळं पाठ होतं, म्हणून मी मधल्या तारेचं बोलणं मनातल्या मनात भरून घेत होते. आतल्या परीक्षकाला ते कुठून येणार? त्याच्यापुढे तिघांतली दोनच माणसं बोलत होती. एका जागी ती अडकली, थांबली, मागून धरलं, शेवटाला नेलं. मी बाकावर बसून होते. दार ढकलून आत जावं आणि सांगावं की ही अशी वाजवत नाही, असं मनात आलं. पण आत जाऊन पुढे काय सांगणार होते? कोणी कापली नखं, म्हणून विचारलं असतं तर?

परतीच्या प्रवासात तिनं डोळे मिटून घेतले. मी शेंगा घेतल्या, तिच्यापुढे धरल्या, तिनं नको म्हटलं, मी सगळ्या खाल्ल्या.

निकाल काही आठवड्यांनी तिच्या मोबाइलवर आला. ती खोलीत एकटीच होती, गिटार मांडीवर. नखं एव्हाना बोटांच्या कडेबाहेर जेमतेम डोकावत होती. परीक्षकानं लिहिलं होतं की संगीताची समज उत्तम आहे, नाद अपुरा आहे, मधला आवाज हरवतो. तिनं ते मला मराठीत करून सांगितलं, दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं. नापास. चंद्रपूरच्या शाळेलाही तिनं तिथल्या तिथे कळवून टाकलं.

मी दारात उभी होते. म्हणाले, "माह्यामुळं झालं." आणि स्वयंपाकघराकडे वळले. तर मागून ती म्हणाली:

"हो, तुमच्यामुळेच. मी रागावली आहे तुमच्यावर आई, नाही असं नका समजू. राग गेला की सांगीन मी. आता जाऊ नका, बसा तिथे, आणि मधली तार ऐकू येते का तेवढं सांगा."