डाव्या गुडघ्याची मालीश

सूनबाईनं मला बळेच सिंदी मेघेच्या मसाज सेंटरवर नेलं. भिंतीवर मालीशचे प्रकार लिहिले होते: एकानं झोप लागते, एकानं आखडलेलं अंग मोकळं होतं, एकानं म्हणे मन हलकं होतं. तिथल्या मुलीनं तेलाची वाटी गरम केली आणि मोहरीचा उग्र वास नाकात शिरला.

त्या वासासरशी मी तरुणपणीच्या आखाड्याच्या मातीवर पालथा पडलो. दुसऱ्या दिवशी आर्वीला कुस्त्यांची दंगल होती. मेहनत झाली की जोडीदारानं जोडीदाराला रगडायचं, हा आमचा रिवाज. माझा जोडीदार बबन. पोटरीवर कोपर रेटत तो वर आला, आणि डाव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला त्याचा अंगठा थांबला. मी कळवळलो.

"काऊन बे, इथं दुखून राह्यलं?"

"हो. कोणाले सांगू नको."

"येडा हायेस का?" म्हणत त्यानं तिथं इतक्या हळुवारपणे तेल जिरवलं, की माझा डोळाच लागला.

दंगलीत समोरच्या पैलवानानं हात मिळवला आणि थेट माझ्या डाव्या गुडघ्यालाच भिडला. मी चीत झालो. मान वळवली तर बबन त्या पैलवानाच्या पाठीवरची माती झटकत होता.

हरल्याचं दुःख केव्हाच गेलं. राग येतो तो त्या हळुवार हाताचा. दुखरी जागा हेरायचीच होती, तर एवढी माया कशाला लावली लेका?

"काका, कुठं दुखते?" मुलीनं विचारलं.

डावा गुडघा ठणकत होता.

"कोठंच नाई," मी म्हटलं.