एकट्याचं पाणी

त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता असं म्हणता येणार नाही आणि नव्हता असंही नाही. मी साड्यांचा व्यापारी. खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार फिरलो आणि कोणापुढे हात न पसरता नागपुरात दुकान उभं केलं. देवाशीही मी बाजारातल्यासारखाच वागत आलो. त्याचं म्हणणं ऐकायचं आणि जमेल तितकं कमी करून घ्यायचं.

आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात होती. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. तिचं एकच मागणं होतं. उमरेडच्या पुढे जंगलात एक धबधबा आहे, त्याच्या कपारीत महादेवाची पिंड आहे. आमच्या विणकर घरांतून कोणी जास्त आजारी पडलं की तिथलं पाणी आणतात. नेम असा, की पाण्यानं भरलेला गडवा, म्हणजे तांब्या, आजारी माणसापर्यंत पोहोचेतो जमिनीवर टेकवायचा नाही. म्हणून दोघांनी जायचं; एकाचा हात अवघडला की दुसऱ्यानं गडवा धरायचा. त्या वाटेवर कोणी कोणाचं नावही विचारत नाही. सगळे एकमेकांना भगत म्हणतात.

"दोघं भाऊ जा," आई म्हणाली. "एकट्याचं पाणी नको आणू, बाबू."

मी हो म्हटलं आणि दादाला काही कळवलं नाही. सात वर्षांपासून आमचं बोलणं नव्हतं. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी लागली तेव्हा त्यानं बाबांचा हातमाग विकून टाकला होता. मी त्या वेळी माल घेऊन बाहेरगावी होतो. परत आलो तर घरात नुसता मागाचा खड्डा उरलेला, आणि घेणाऱ्यानं लाकडं फोडून चुलीत घातलेली. मला एका शब्दानं विचारलं नाही, हे मी विसरायला तयार नव्हतो. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं तोड काढली. घरातला सगळ्यात लहान गडवा घेतला. एवढासा गडवा एका हातात सहज राहील, मग दुसरा माणूस कशाला? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं एकटाच निघालो.

सडकेपासून धबधबा अर्ध्या कोसावर. श्रावण सरत आला होता, सागाची पानं ओली होती. पाणी दोन पुरुष उंचीवरून काळ्या दगडावर पडत होतं. मी अंघोळ केली, पिंडीवर बेल वाहिला, गडवा भरून तोंडाला फडकं बांधलं आणि उतरू लागलो. निम्म्या वाटेवर शेवाळावरून पाय सटकला. डावा घोटा मुरगळला आणि मी चिखलात बसलो. गडवा मात्र उजव्या हातात वरच्या वर राहिला.

उठायला दोन्ही हात लागत होते. एका हातानं झाड धरून पाहिलं, पुन्हा बसलो. दादा असता तर, असं मनात आलं आणि त्या विचाराचाच मला राग आला. दंड भरून आला. शेवटी म्हटलं, कोण पाहतंय? क्षणभर टेकवू, उठू, उचलू. आईला काय कळणार? मी हात खाली आणलाही. जमीन वीतभर राहिली असेल, तेवढ्यात खालून आवाज आला.

"द्या इकडे, भगत. मी धरतो."

पन्नाशीचा माणूस होता, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात बेलाची पानं. तो गडव्याला हात लावून उभा राहिला, पण माझी बोटं सुटेनात. अनोळखी माणसाच्या हातात वस्तू द्यायची मला सवयच नव्हती.

तो हसला. "सोडा ना गा. मी काय पाणी घेऊन पळून राहिलो? अख्खा धबधबा आहे ना वर!"

मी सोडला. त्यानं एका हातात गडवा घेतला, दुसरा हात मला दिला आणि सडकेपर्यंत आणलं. तो वर निघालेला माणूस, माझ्यासाठी सगळी वाट उलट उतरला. एस.टी. आल्यावर मी चढेपर्यंत त्यानं गडवा धरला आणि मग खिडकीतून माझ्या हाती दिला. मी म्हटलं, नाव सांगा, घर सांगा, घरच्या बाईसाठी लुगडं पोचवतो. फुकटचे उपकार मला सहन होत नसत.

"या वाटेवर नाव पुसत नाहीत, तं घराचं काय पुसता?" असं म्हणून तो पुन्हा जंगलात शिरला.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पाय सुजून भोपळा झाला होता. आई वरच्या मजल्यावर आणि पायऱ्यांशी दादा बसलेला; ऑपरेशनचं कळून नुकताच आला होता, अजून वर गेला नव्हता. दोन्ही हातांनी कठडा धरल्याशिवाय मला एक पायरी चढवत नव्हती. मग गडवा पुढे केला.

"दादा, धर."

त्यानं दोन्ही हातांनी घेतला. पायाकडे पाहिलं. "एकटा काहून गेला गा? मी काय मेलो होतो?"

मागाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती बोललो नाही. कठडा सोडून त्याचाच खांदा धरला आणि चढलो.

"दोघं गेले होते ना?" आईनं विचारलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही. मी सगळं सांगितलं, हात खाली आणला होता तेही. आईनं पाणी डोळ्यांना लावलं, घोटभर दादाला दिलं, घोटभर मला. म्हणाली, "पाणी आणवणाऱ्यानं आणवलं. तुम्ही दोघं माह्याजवळ बसा."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांचा हात चांगला होता आणि वरच्याची कृपा होती. त्यात कोणाचा वाटा किती, हे मी ठरवायला बसलो नाही. पुढे त्या वाटेवर दादाबरोबर अनेकदा गेलो, तो भगत पुन्हा दिसला नाही. बाबांचा माग गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. एका दिवसात मी काही संत झालो नाही. पण जंगलात माझी बोटं ज्यानं सोडवली, त्याला मी रोज हात जोडतो. कमवायला मी माझा मीच शिकलो होतो. सोडायचं मात्र त्यानं शिकवलं.