मागून फिरवायची वही

शाळामास्तराला किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोज चाळीस पोरं समोर बसतात, मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत चहा येतो, एवढ्यावर जन्माची बेगमी होते. आमची ही म्हणते, "तुमचा कुठलाही किस्सा फिरून फिरून दत्तू मास्तरांवरच येतो." येतो खरा. हसत सुरू करतो आणि हसू शेवटपर्यंत पुरत नाही, त्याला मी काय करू?

* * *

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत दुसरीचा वर्ग दत्तू मास्तरांकडे, तिसरीचा माझ्याकडे. एका वर्षी मांडवीच्या बाजूला सिनेमाचा तंबू लागला. मुख्य खेळाआधी पाच मिनिटं नुसती चित्रं हलायची. हातानं काढलेलं एक वानर झाडावर चढायचं, आपटायचं, पुन्हा चढायचं. सगळा तंबू खदखदून हसत होता आणि दत्तू मास्तर मात्र डोळे फाडून, तोंडानं काहीतरी पुटपुटत बसलेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरकडून फिल्मचा एक तुटका तुकडा मागून आणला आणि खिडकीशी धरून आम्हाला दाखवला. "बघा, प्रत्येक चित्रात वानर केसभर पुढे सरकलंय. हलत काहीच नाही! सगळी करामत आपल्या डोळ्याची!"

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, लोक सिनेमा बघायला जातात. तुम्ही तो मोजायला गेलात!"

* * *

मग सुरू झाला कारखाना. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजू कापायच्या, पानापानावर चित्र काढायचं आणि दाभणानं शिवून तळहाताएवढी वही करायची. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की चित्र हलायचं. पहिली वही वजाबाकीची. फांदीवर दहा आंबे, वानर येतं आणि एकेक आंबा पळवतं.

"दहातले चार नेले. राहिले किती?"

शिरगावाहून चालत येणारी गंगी उभी राहिली. वर्षभर तोंड न उघडलेली पोर! म्हणाली, "सहा! पन मास्तर, तुमी नुसते बगत काय बसलाव? हाकलवा की त्या वांदराला!"

* * *

एकदा डिपोटीसाहेब पालीची शाळा तपासून आमच्याकडे आले. कोटावर लाल धूळ आणि कपाळाला आठ्या. टेबलावरची वही उचलून म्हणाले, "हे काय खेळणं?"

दत्तू मास्तरांनी फिरवून दाखवली. साहेबांनी स्वतः फिरवली. मग आणखी एकदा. मग आमच्याकडे पाठ करून तीनदा! आम्ही सगळे छताकडे बघत उभे.

रिपोर्टात शेरा आला, "शाळेत खेळणी ठेवू नयेत." वही मात्र साहेबांच्या कोटाच्या खिशातून परत आलीच नाही.

* * *

दत्तू मास्तरांना एकच मूल, सात वर्षांची कुशी. आमच्याच शाळेत, बापाच्याच वर्गात. गणितात बरी, पण वजाबाकी म्हटलं की रडायची. "सगळं जातंच कसं हो बाबा?"

म्हणून तिच्यासाठी खास वही झाली. पायरीवर चार मुली बसल्या आहेत. त्यातली एक उठते, अंगणातून चालत कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाते, बेडं उघडून हात हलवते आणि दिसेनाशी होते. चार वजा एक. जाणारी मुलगी मीच, असा तिचा हट्ट. तिच्या दोन वेण्या, लांब परकर, सगळं हुबेहूब.

दोन दिवसांनी ती मास्तरांच्या खोलीत धावत आली. "बाबा, मागून फिरवली की मी परत येते!"

दत्तू मास्तरांनी वही मागून फिरवून पाहिली. त्या दिवसापासून ते बेरीज आणि वजाबाकी एकाच वहीत शिकवू लागले. येईल त्याला सांगायचे, "हा शोध आमच्या कुशीचा हो!"

* * *

श्रावणात कुशीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. याचा किस्सा होत नाही.

मास्तर चौदाव्या दिवशी शाळेत आले. हजेरी घेतली. पाढे घेतले, बेरजा घेतल्या. महिनाभर नुसत्या बेरजाच घेतल्या. शेवटी मीच विषय काढला, तर म्हणाले, "बापू, वजाबाकी तेवढी तुम्ही घ्या." मी हो म्हटलं.

* * *

पण माझी वजाबाकी पोरांच्या गळी उतरेना. परीक्षा तोंडावर आली. गंगी पुन्हा मुकी झाली, आणि ती नापास झाली तर तिचा बाप तिला शाळेतून काढणार हे ठरलेलं. म्हणून एका रविवारी मन घट्ट करून दत्तू मास्तरांच्या घरी त्या वह्या मागायला गेलो. मास्तर बागेत होते. वहिनींनी तांदळाच्या कणगीत हात घालून गठ्ठा काढला.

"ह्यांनी पाणचुलीत घालायला दिल्या होत्या. मी नाही घातल्या. न्या तुम्ही."

त्या वह्यांवर गंगी पास झाली, ते इथेच सांगून टाकतो.

गठ्ठ्यात एक वही नव्हती. ती वहिनींच्या हातात होती. बाकीच्या सगळ्या वह्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी मळलेल्या, हिची फक्त मागची. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी ती दिली, आणि मी सवयीनं पहिल्या पानावर अंगठा ठेवला.

वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. परक्या पुरुषासमोर कधी उभी न राहणारी ती बाई!

"तशी नाही भावजी. आमच्याकडे ती मागून फिरवतात."

मी वही उलटी धरली आणि पानं सोडली. बेडं उघडलं. दोन वेण्यांची मुलगी अंगणातून चालत आली आणि पायरीवर आपल्या जागी येऊन बसली.

वहिनींनी शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "किती झाल्या?"

"चार," मी म्हटलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि वही पदराखाली घेऊन आत गेल्या.